अवंदा आपली टीम कोनती?



आपल्या या पानावर छोट्या लाईनच्या, संत्र्याच्या बागांच्या, पोळ्याच्या, जुन्या गुरुजींच्या आठवणी येत असतात. मी आज फुटबॉलवर लिहितो आहे. "क्रिकेट सोडून हे काय मधातच काढलं?" असं म्हणणारे म्हणतील. म्हणू द्या. पोस्ट लांब आहे, जेवण झाल्यावर वाचा.

झालं असं, की मागच्या आठवड्यात माझ्या पोराने जेवताना विचारलं, "बाबा, अवंदा आपली टीम कोनती?" तो आठवीत आहे. 14 फेब्रुवारीपासून इंडियन सुपर लीग सुरू होणार आहे, त्याबद्दल विचारत होता. मी घास तोंडात घेऊन गप्प बसलो. ज्या घरात गेली अकरा-बारा वर्षं फुटबॉल पाहिला जातो, तिथे या प्रश्नाला उत्तर नसावं याची लाज वाटली. लाजेपेक्षा राग जास्त आला. त्या रागातून हे लिहितो आहे.

तसं पाहिलं तर "आपली टीम कोनती" हा प्रश्न आपल्याला जन्मापासूनचाच आहे. घरात मराठी, शाळेत हिंदी. दवाखाना, सोयरीक, लग्नाचा बस्ता सगळं नागपूरला, आणि सातबाराऐवजी खसरा. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हापासून हे असंच चालू आहे. क्रिकेटमध्ये मात्र याचा आपल्याला फायदाच झाला. 2022 च्या जूनमध्ये मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा आपण फटाके फोडले. कोच कोण, तर चंद्रकांत पंडित, आपला मराठी माणूस. त्याच पंडितांनी त्याआधी विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली होती, तेव्हाही आपण फटाके फोडलेच होते. मग 2024 च्या मार्चमध्ये नागपूरला जामठ्याच्या मैदानावर सेमीफायनलला विदर्भ आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले. आमच्या चौकात पानठेल्यावर सरळ दोन गट पडले होते. विदर्भ 62 धावांनी जिंकला. हरलेल्या गटाने जिंकलेल्यांचा चहा पिला आणि दोन्ही गट खुश घरी गेले. दोन घरचा पाहुणा असणं यालाच म्हणतात.

फुटबॉलमध्ये मात्र आपण एकाही घरचे नाही. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये मध्य प्रदेशचा क्लब नाही, विदर्भाचाही नाही. म्हणून आमच्यासारख्याला टीम दत्तक घ्यावी लागते.

मी घेतली ती पुण्यात. 2014 ला लीग सुरू झाली तेव्हा मी तिथे नोकरीला होतो आणि एफसी पुणे सिटी नावाचा क्लब निघाला होता. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे डेव्हिड त्रेझेगे होता, फ्रान्सचा, वर्ल्ड कप जिंकलेला. मी बालेवाडीच्या स्टेडियमवर त्याला बघायला गेलो. खरं सांगतो, खेळ मला अर्धाच समजला. पण नंतर त्या क्लबचा रंग नारिंगी झाला, पाठीराख्यांच्या गटाने नाव घेतलं ऑरेंज आर्मी. सौंसरच्या माणसाला यापेक्षा मोठी खूण काय पाहिजे? ऑफिसातले म्हणायचे, "तू पुण्याचा नाहीस, तुला काय पडलंय?" मी म्हणायचो, रंग आमच्या गावाचा आहे, तुम्ही उसना घेतला आहे.

पोरगा पाच वर्षांचा असताना, 7 मार्च 2018 ला, मी त्याला खांद्यावर घेऊन सेमीफायनलच्या पहिल्या मॅचला गेलो होतो. क्लब पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. समोर बंगळूरू. अल्फारो आणि मार्सेलिनो या जोडीने त्या वर्षी आम्हाला वेड लावलं होतं. मॅच शून्य-शून्य सुटली. पोट्टा हाफटाइमलाच झोपला, पण आजही सांगतो की मला सगळं आठवतं. चार दिवसांनी बंगळूरूला परतीची मॅच होती. सुनील छेत्रीने तीन गोल मारले आणि आमचं सगळं आटोपलं. आम्ही म्हटलं, ठीक आहे, पुढच्या वर्षी.

पुढचं वर्ष आलं, ते कसंबसं गेलं. आणि 2019 मध्ये क्लबच बंद झाला. त्याची जागा हैदराबादला गेली.

मंडळी, हरण्याचं दुःख वेगळं आणि हे वेगळं. हरलेली टीम पुढच्या मोसमात पुन्हा दिसते. इथे पाच मोसम ज्याच्यासाठी ओरडलो ते नावच यादीतून गेलं. पाठीराख्यांना कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, पेपरात बातमी वाचली तेवढंच. नंतर पुण्याच्या एका जुन्या माणसाने मला समजावलं, "अहो, पुण्यात हे नवीन नाही. पुणे एफसी होता, तो गेला. डीएसके शिवाजियन्स होता, तोही गेला." मुंबईत महिंद्रा युनायटेडने 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली होती. 2010 ला कंपनीने ती टीम बंद केली. देशात पहिला आलेला क्लब चार वर्षांत नाहीसा! आपल्याकडे नापास झालेल्या पोट्ट्याचंही नाव शाळा इतक्या लवकर काढत नाही.

कोरोनाच्या वर्षी आम्ही सौंसरला परत आलो. बाग होतीच. टीम बदलली, मुंबई सिटी धरली, कारण महाराष्ट्रातून वरच्या लीगमध्ये तेवढाच क्लब उरला होता. 13 मार्च 2021 ची फायनल आम्ही मोबाईलवर पाहिली, कारण लाईट गेली होती. 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला आणि मुंबई पहिल्यांदा जिंकली. अंधारात आम्ही दोघं असे ओरडलो की शेजारचे काकाजी बॅटरी घेऊन आले, त्यांना वाटलं साप निघाला. 2024 च्या मे महिन्यात कोलकात्याला जाऊन मुंबईने मोहन बागानला 3-1 हरवलं, एक गोल खाऊन मागून येऊन. त्या रात्री पोरगा झोपलाच नाही. तेव्हा वाटलं, चला, आता घर मिळालं.

आणि आता बघा. मुंबई सिटीत 2019 ला आलेला सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीवाले, डिसेंबर 2025 मध्ये बाहेर पडला. क्लब आहे, खेळणार आहे, पण दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो. पोराला "मुंबई" असं ठासून सांगायला माझी जीभ वळली नाही, ती यामुळे.

आता मुख्य रागाची गोष्ट. हा मोसम फेब्रुवारीत का सुरू होतो आहे? एरवी तो सप्टेंबरात सुरू होतो. भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 साली लीगचे आणि बाकी व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी एका कंपनीला दिले होते, 700 कोटींचा करार. तो 8 डिसेंबर 2025 ला संपणार हे करारावर सही झाली त्या दिवशीच ठरलेलं होतं. महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात होता, त्यामुळे नवा करार अडला, हे मान्य. पण कोर्टाचं प्रकरण काही 2025 च्या उन्हाळ्यात उगवलं नव्हतं. जुलैमध्ये क्लबांना कळवलं की लीग थांबवली आहे. ऑगस्टमध्ये बंगळूरूने खेळाडूंचे पगार थांबवले. सप्टेंबरात कोर्टाचा निकाल आला, मग टेंडर निघालं, आणि नोव्हेंबरात उघडून बघितलं तर एकही बोली नाही. जानेवारीच्या सुरुवातीला आपले राष्ट्रीय खेळाडू व्हिडिओ काढून फिफाकडे मदत मागत होते. सुनील छेत्रीसारखा माणूस, ज्याने देशासाठी सगळ्यात जास्त गोल मारले, त्याने हात जोडायचे? मग 6 जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की 14 फेब्रुवारीला लीग सुरू.

आपण बागवाले लोक. बहार कधी फुटतो, तोड कधी येते, व्यापाऱ्याशी सौदा कधी करायचा, इसार किती घ्यायचा, हे आपल्या घरातल्या बाईमाणसालाही पाठ असतं. झाडावर फळ पिकल्यावर व्यापारी शोधायला निघणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही. यांना तर 15 वर्षांची मुदत होती.

आता मोसम होतो आहे तोही अर्धा. 14 टीम, प्रत्येकाची दुसऱ्याशी एकदाच गाठ, म्हणजे एकेका टीमच्या 13 मॅच, एकूण 91. मागच्या मोसमात लीगमध्येच प्रत्येकी 24 होत्या. घरच्या मैदानावर सहा-सात मॅच दिसणार. पाठीराख्याने याच्यातच काय ते करून घ्यायचं. "झालं तर खरं ना!" असं म्हणून खुश होणारे माझे मित्र आहेत, मी त्यांच्यावर चिडतो. आपल्याला इतक्या कमीवर खुश व्हायची सवय लागली आहे. पांढुर्ण्याला एखादी एक्सप्रेस दोन मिनिटं थांबायला लागली तरी आपण हार घेऊन स्टेशनवर जातो, तसं.

राष्ट्रीय टीमचं तर बोलायलाच नको. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि 2027 च्या आशिया कपमधून बाहेर पडलो. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून 0-1. त्या रात्री पोराने टीव्ही बंद केला आणि काही न बोलता गणिताची वही काढली. त्याने आपणहून गणित काढलं, यावरून समजून घ्या.

आशा कुठे आहे म्हणाल, तर मुलींमध्ये. जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवून आपल्या महिला टीमने आशिया कपची जागा पक्की केली. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. येत्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई यांच्याशी गाठ आहे. माझी पुतणी आधी फुटबॉलकडे ढुंकून पाहायची नाही, तिने आता संगीताचा फोटो कपाटावर चिकटवला आहे. आमच्याकडे पहिल्यांदाच असं झालं आहे की घरातली पोरगी मॅचची तारीख सांगते आणि पोरगा विचारतो.

आता थोडं कोल्हापूरबद्दल सांगतो. पुण्याला माझ्यासोबत कोल्हापूरचा एक जण होता. एका रविवारी तो मला ओढून शाहू स्टेडियमवर घेऊन गेला. पाटाकडील तालीम मंडळाची मॅच होती. मी बालेवाडीचं स्टेडियम पाहिलेला माणूस, मला वाटलं गावातली मॅच, काय बघायचं. मंडळी, तिथे जे पाहिलं ते पुण्यात कधी दिसलं नव्हतं. म्हातारे, पोरं, दुकान बंद करून आलेले लोक. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, "कोणत्या पेठेचे?" कुठल्या टीमचे असं विचारलंच नाही, कारण पेठ आणि टीम तिथे एकच. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल ही सगळी तालमींची-मंडळांची नावं. मालक कोणी नाही, म्हणून सोडून जाणाराही कोणी नाही. पेठ उठून हैदराबादला जाऊ शकत नाही ना! तिथेही भांडणं होतात, हुल्लडबाजी होते, मी काही ते पंढरपूर आहे असं म्हणत नाही. पण याच मातीतला अनिकेत जाधव 2017 ला भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये देशाकडून खेळला.

माझं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे. पैसेवाले क्लब पाहिजेत, त्यांच्याशिवाय बिपिन सिंग टीव्हीवर दिसणार नाही. पण माणसाला आधी जवळची टीम पाहिजे, जी हरली तर दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात तिच्या गोलकीपरला टोमणा मारता येईल. ती असली की वरची टीम बुडाली तरी माणूस उघडा पडत नाही. पोराचा प्रश्न मला इतका टोचला तो याच्यामुळे. आमच्याकडे खालची टीमच नाही.

तुम्ही म्हणाल, सौंसर-पांढुर्ण्यात कुठला फुटबॉल? मग बिचारपूर बघा. आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल जिल्ह्यातलं आदिवासी गाव. घरोघरी फुटबॉल खेळणारी पोरं-पोरी, लोक त्याला मिनी ब्राझील म्हणतात. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं तेव्हा देशाला कळलं, पण खेळ त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. आणि नागपूर तर आपल्या अंगणातलं. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिलं आणि 2001 मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. 'झुंड' सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला, अमिताभसाठी पाहिला असेल, पण पाहिला. बादलीवर सुरू होऊ शकतं तर आपल्याकडे चेंडू तरी आहेत.

आमच्या पोट्ट्यांचा चेंडू तीनदा शिवलेला आहे, हे खरं. नऊ जण आहेत, दहावा आला तर पाच-पाच होतात, नाहीतर एक जण रेफरी. गोलपोस्ट म्हणजे विटा. बॉल विटेच्या वरून गेला की गोल की बाहेर यावर पंधरा मिनिटं भांडण. तोडीच्या दिवसांत अर्धे पोट्टे बागेत जातात, तेव्हा खेळ बंद. वर्षातून एखादा नेता किंवा मंडळ पेंडॉल टाकून टूर्नामेंट भरवतं, मोठी ढाल, माईकवर कॉमेंट्री, तीन दिवसांत सगळं खलास. पहिल्याच मॅचला हरलेल्या पोरांनी उरलेले 362 दिवस काय करायचं? त्यांचा मोसमच चाळीस मिनिटांचा. वरच्या लीगवाल्यांना मी शिव्या देतो, पण आमची रीत तरी वेगळी कुठे आहे?

मला टूर्नामेंट नको, सहा टीमची छोटी लीग पाहिजे. तीन सौंसरच्या, तीन पांढुर्ण्याच्या. दर रविवारी सकाळी मॅच, तोडीचे आणि परीक्षेचे रविवार सोडून. कागदावर लिहिलेलं वेळापत्रक, शाळेच्या भिंतीवर चिकटवलेलं. ढाल नसली तरी चालेल. 2023 च्या ऑक्टोबरपासून आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आहे. छिंदवाड्याकडे बघत बसायचं कारणही आता उरलं नाही. मुख्यालय तिकडे गेलं म्हणून सौंसरवाले पांढुर्णावाल्यांना चिमटे काढतातच, ते मैदानात काढावे.

गोटमारीची आठवण तुम्हाला आली असेलच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर. मधात झेंडा. त्याला टेंडर लागत नाही, करार लागत नाही, पाऊस असो की बंदीचा हुकूम, मोसम चुकत नाही. दगडांनी माणसं गेली आहेत, डोळे गेले आहेत, त्याचं मी कौतुक करत नाही. माझ्या ओळखीतलं एक घर आहे, जिथे पोळ्याला अजून पुरण शिजत नाही. मागे एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबराचे चेंडू वाटून पाहिले होते, ते चाललं नाही. म्हणून "गोटमार बंद करा, फुटबॉल खेळा" असला सल्ला मी देणार नाही, मी माझ्या लोकांना ओळखतो. पण दुसऱ्या गावाशी इमानदारीने भांडायची हौस आपल्यात किती आहे हे मला ठाऊक आहे. ती कोल्हापूरपेक्षा कमी नाही.

पोराने दोन दिवसांपूर्वी वहीत 14 टीमचा तक्ता आखला. शनिवारी पहिली मॅच, कोलकात्याला मोहन बागान आणि केरळ ब्लास्टर्स. मुंबईच्या नावापुढे त्याने पेन्सिलीने बारीक फुली मारली आहे. पेनाने नाही. मी विचारलं, "पेन्सिल काऊन?" तर म्हणतो, "खोडता आली पाहिजे ना, बाबा."

बायको आतून म्हणाली, "अहो, त्याच्या परीक्षेचा टाइमटेबल आला, तो पाहिला का कोनी?" तो मात्र वेळेवर आला होता.

तर मंडळी, रविवारी सकाळी आठला आमचे नऊ पोट्टे शाळेमागच्या ग्राउंडवर असतात. पांढुर्ण्याहून सहा-सात पोरं घेऊन येणारं कोणी असेल तर इथेच कळवा. नाश्त्याचं आमच्याकडे लागलं. चेंडू तुमचा आणा, आमचा पुन्हा उसवला आहे.